पालकांच्या विनंतीवरून

शाळेच्या फाटकासमोर रस्ता ओलांडला की तिचं झेरॉक्सचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवरच थांबायचं. एक मशीन, एक लॅमिनेशनचं यंत्र, कागदाच्या रिमांचा ढीग आणि त्या सगळ्याच्या मध्ये उंच स्टुलावर ती. शाळेतली पोरं तिला झेरॉक्सताई म्हणायची. पोरांचं ऐकून आईबापही तेच म्हणायला लागले. अकरा वर्षांत तिचं खरं नाव फक्त लाइटबिलावर उरलं होतं.

ताईला एक खोड होती. काचेवर कागद उलटा ठेवायच्या आधी ती तो वाचायची. मुद्दाम नव्हे, नजर जायचीच. कुणाचा घटस्फोट चाललाय, कुणाच्या सासऱ्याला कसली गाठ निघालीय, कुणी वयात तीन वर्षं चोरलीत, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. पण या कानाचं त्या कानाला कळू द्यायची नाही. गल्लीत तिची पत होती ती यामुळेच. "झेरॉक्सताईच्या पोटात विहीर आहे," लोक म्हणायचे, आणि तिला ते ऐकून बरं वाटायचं.

त्या विहिरीत काय काय पडलं होतं, त्यातलं एक असं होतं. दरवर्षी निकाल लागला की आठवड्याभरात शाळा सोडल्याचे दाखले कॉपीला यायचे. आठवी झालेल्या नाहीतर नववीत अडलेल्या मुलांचे. दाखल्यावर एक रकाना असतो, शाळा सोडण्याचं कारण. कुणाची बदली झालेली असते, कुणी घर बदललेलं असतं. पण या दाखल्यांवर सगळ्यांवर एकच, एकाच हातचं, उजवीकडे कललेलं अक्षर: पालकांच्या विनंतीवरून. मग पुढच्या वर्षी शाळेच्या फाटकावर फलक लागायचा. दहावीचा निकाल शंभर टक्के, सलग नववं वर्ष. तो फलक लावायला शिडी ताईच्या दुकानातून न्यायचे.

तिला कळत होतं. पहिल्या वर्षी नसेल कळलं, तिसऱ्या वर्षी नक्की कळलं होतं. नापास होतील अशी मुलं दहावीपर्यंत पोचूच द्यायची नाहीत, म्हणजे निकाल लागेल शंभर टक्के नाहीतर काय. पण शाळेच्या प्रश्नपत्रिका, वेळापत्रकं, फॉर्म, सगळं काम तिच्याकडे. तिची एकुलती एक मुलगीही त्याच शाळेत. ती तोंडात मूग गिळून बटण दाबत राहिली. दोन-दोन प्रती. आईबाप खालमानेने कागद उचलून निघून जायचे.

त्या वर्षी शेजारच्या गाळ्यातली शिवणवाली दाखला घेऊन आली.

शिवणवालीचं आणि ताईचं दुकान लागून. मधल्या भिंतीतून शिवणाच्या मशीनचा आवाज यायचा. दोघींच्या मुली बालवाडीपासून एका बाकावर. शिवणवालीने कागद पुढे केला आणि म्हणाली, "दोन काढ गं. त्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत एक मागतात आणि एक आपल्याजवळ असू दे."

ताईने नजर टाकली. तेच कललेलं अक्षर.

"अगं, तू विनंती केलीस?"

"कसली विनंती?"

"इथं लिहिलंय. पालकांच्या विनंतीवरून."

शिवणवालीने चष्मा डोक्यावरून नाकावर ओढला. सावकाश वाचलं. "मी कुठे विनंती केली? बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, हिला इथला अभ्यास झेपत नाही, पुढे दहावीला नापास झाली तर खचून जाईल, त्यापेक्षा आत्ताच सोप्या शाळेत टाका, तुमच्याच भल्यासाठी सांगतेय. सही करा म्हणाल्या, मी केली." तिने चष्मा परत डोक्यावर सरकवला. मग म्हणाली, "असं सगळ्यांच्याच कागदावर असतं?"

खोटं बोलायला एक क्षण पुरेसा होता. ताईच्या हातून तो क्षण गेला.

"असतं," ती म्हणाली. "दरवर्षी."

"म्हणजे तुला माहीत होतं."

ताईने कागद काचेवर उलटा ठेवला आणि बटण दाबलं.

"आठ दिवसांपूर्वी बाईंनी बोलावलंय म्हणून मी इथूनच गेले. तुझ्याच स्टुलावर पिशवी ठेवून गेले. सही करू नकोस, एवढं चार शब्दांत सांगायचं होतं. पोरगी माझ्या मांडीवर कमी आणि तुझ्या मांडीवर जास्त बसलीय लहानपणी." तिने प्रती उचलल्या, नीट घडी घातल्या आणि गेली. त्या दिवशी मधल्या भिंतीतून मशीनचा आवाज आला नाही.

असं होतं म्हणून ताई निवडणुकीला उभी राहिली. लोकांना वाटलं तिला पुढारीपणाची हौस आली. प्रत्यक्षात तिला शिवणवालीच्या नजरेला नजर देता येत नव्हती, एवढंच.

शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालकांचा एक प्रतिनिधी असे. शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या रविवारी सभागृहात निवडणूक व्हायची, एका मुलामागे एक मत. निवडणूक म्हणायची आपली पद्धत. गेली चार वर्षं कोपऱ्यावरचे चष्मेवाले एकटेच अर्ज भरायचे आणि टाळ्या वाजायच्या. माणूस गोड. चष्मा विकताना म्हातारीलाही "छान दिसतोय हो तुम्हाला" म्हणणारा. निवडणुकीची नोटीस नेहमीप्रमाणे ताईकडेच छापायला आली. तिने पाचशे प्रती काढल्या, पाचशेएकावी काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

नवरा बसडेपोत मेकॅनिक. ग्रीसचे हात घासत मोरीतूनच म्हणाला, "तुला कुणी सांगितलंय हे? पोरगी अजून दोन वर्षं तिथेच काढणार आहे. तिचं गणित तुला माहितीय."

"अहो, म्हणूनच."

"म्हणूनच गप्प बसायचं असतं," तो म्हणाला. पण पुढे अडवलं नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. बायको मनावर घेत नाही, आणि घेतलं तर सोडत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

ताईने एक पानाचं पत्रक केलं. त्यात शोभेचं काही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी आठवीच्या तीन तुकड्यांत एकशे बासष्ट मुलं होती, त्यातली दहावीच्या परीक्षेला बसली एकशे एकवीस. मधली एक्केचाळीस कुठे गेली? मी निवडून आले तर एकाही मुलाला त्याच्या आईबापांना गाफील ठेवून दाखला देता येणार नाही. बस. हे आकडे तिने कुठून चोरून आणले नव्हते. हजेरीच्या याद्या तिच्याच मशीनवर निघत होत्या.

तीन आठवडे ती दुकान पाचला बंद करून घरोघरी फिरली. जिने चढून गुडघे बोलायला लागले. दार उघडणारी माणसं चांगली वागली. बसा म्हणाली, पाणी दिलं. "तुमचं बरोबर आहे ताई." "कुणीतरी बोलायलाच हवं होतं." "आमच्या बहिणीच्या मुलाचं असंच झालं." ताई खाली उतरली की यादीत त्या घरासमोर बरोबरची खूण करायची. खुणा नव्वदच्या वर गेल्या. झेरॉक्स काढणाऱ्या बाईला कागदावरचं खरं वाटतं, त्याला ती तरी काय करणार.

एकच बाई तोंडावर बोलली. इस्पितळातली नर्स, ड्यूटीवर निघता निघता केस बांधत उभी.

"ताई, तुम्हाला खोटी आशा लावत नाही. माझा मुलगा पहिल्या पाचात असतो. उद्या शाळेचा निकाल ऐंशीवर आला तर पुढच्या प्रवेशाला या शाळेचं नाव कोण विचारणार? मी डबल ड्यूट्या करून याला इथे टाकलाय तो त्या शंभरासाठीच."

"आणि जी मुलं जातात?"

"मला वाईट वाटतं," नर्स म्हणाली. "खरंच वाटतं. पण मी तुम्हाला मत देणार नाही." आणि वर म्हणाली, "जपून उतरा, जिन्यात दिवा नाही."

ताईला त्या बाईचा राग आला होता. पुढे कळलं की त्या सगळ्या घरांत तिच्याशी खरं बोललेली ती एकटीच.

निवडणुकीच्या आदल्या गुरुवारी मोठ्या बाईंनी बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. खोलीत काचेचं कपाट, त्यात ढाली, टेबल लांबलचक आणि रिकामं. त्या रागावल्या असत्या तर ताईला सोपं गेलं असतं. त्यांनी चहा मागवला.

"तुमचं पत्रक वाचलं. आकडे बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. ताई चपापलीच. "मी तीस वर्षं शिकवते. एका वर्गात पंचावन्न मुलं. संस्थेला निकाल हवा, पालकांना निकाल हवा. मला एकटीलाच नको असं कसं चालेल? तुम्ही मला राक्षसीण ठरवाल तर ठरवा."

"मला एवढंच हवंय की आईबापांना विचारा. खोटं लिहू नका."

"विचारलं तर ते नाही म्हणतील," मोठ्या बाई म्हणाल्या, जणू यात समजावण्यासारखं काहीच नव्हतं. मग कपबशी बाजूला सारून म्हणाल्या, "तुमची मुलगी नववीत आलीय ना? गणितात फार कच्ची आहे. काळजी करू नका. आपलीच मुलगी आहे. तिच्याकडे आम्ही बघू."

ही धमकी होती की दिलासा, हे ताईला जिना उतरेपर्यंत ठरवता आलं नाही. तिने घरी कुणाला सांगितलं नाही.

रविवारी सभागृह भरलं. एरवी पालकसभेला पन्नास डोकी जमत नाहीत. त्या दिवशी अडीचशे होती, आणि ताईला वाटलं ही आपल्या पायपिटीची पुण्याई. दाराशी शाळेचा कारकून यादी घेऊन बसला होता. मुलाचं नाव सांगायचं, सही करायची, चिठ्ठी घ्यायची.

शिवणवाली आली. दीड महिन्यात ती ताईशी धड बोलली नव्हती. पण आली. इस्त्रीची साडी नेसून, दुकान बंद ठेवून आली. तिने मुलीचं नाव सांगितलं. कारकुनाने यादीवरून बोट फिरवलं, परत फिरवलं.

"तुमची मुलगी आता आपल्या शाळेत नाही ना. मग मत नाही."

"अहो, तिच्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"असेल. यादीत नाव नाही."

ताई व्यासपीठाजवळच्या खुर्चीवरून हे बघत होती. ज्या एक्केचाळीस घरांसाठी ती भांडत होती, त्यातल्या एकालाही इथे मत नव्हतं. या सभागृहात बसलेली सगळी माणसं ज्यांची मुलं राहिली त्यांची होती. एवढी साधी गोष्ट तीन आठवड्यांत तिच्या डोक्यात आली नव्हती. शिवणवाली दाराबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी उभी राहिली.

चष्मेवाले आधी बोलले. पाण्याचं नवं फिल्टर, मैदानाचं कुंपण, शंभर टक्के. "आमच्या ताई म्हणजे घरच्याच," ते म्हणाले. "त्यांच्या मशीनवर छापलेल्या प्रश्नपत्रिकांवरच आपली मुलं पास होतात!" लोक हसले. ताईसुद्धा कसनुशी हसली.

मग ती उठली. माइक तिच्या उंचीला वर झाला होता, तो कुणी खाली केला नाही. तिने आकडे सांगितले. एकशे बासष्ट, एकशे एकवीस. ती म्हणाली, "दाखल्यावर लिहितात, पालकांच्या विनंतीवरून. मी आठ वर्षं ते वाचलं आणि गप्प बसले, ही माझी चूक. तुम्ही तरी बसू नका."

मधल्या रांगेतून एक गृहस्थ उठले. बँकेतले कारकून. यांच्या घरी ताईने सरबत घेतलं होतं, आणि यादीत बरोबरची खूण होती.

"ताई, तुमच्या भावना समजतात," ते म्हणाले. "पण मला सांगा, ज्यांना अभ्यास झेपत नाही अशी मुलं वर्गात ठेवली तर शिक्षक त्यांच्याच मागे लागणार. आमच्या मुलांनी काय पाप केलंय?"

आधी एकाने टाळी वाजवली. मग रांगच्या रांग. टाळ्या काही दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर एवढ्या मोकळ्या मनाने वाजल्या नसत्या. माणसांना कुणीतरी त्यांच्या मनातलं बोलून दाखवलं होतं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

उत्तर ताईकडे होतं, पण ते या लोकांना पटणारं नव्हतं. "पाप काहीच नाही," ती म्हणाली, आणि खाली बसली.

चष्मेवाल्यांना दोनशे अठरा. तिला सत्तावीस.

ती बाहेर आली तेव्हा शिवणवाली तिथेच होती. आत काय झालं ते दारातून ऐकूच आलं होतं. दोघी रस्ता ओलांडून आपापल्या बंद दुकानांपर्यंत आल्या. तिथे शिवणवाली म्हणाली, "जाऊ दे. तू उभी राहिलीस ना." आणि कुलूप उघडून आत गेली.

खरा मार घरी बसला. मुलगी वहीत डोकं घालून बसली होती. वर न बघता म्हणाली, "हरलीस ना? वर्गात मला आधीच सगळे म्हणतात, ढ पोरांच्या पुढारणीची मुलगी."

"म्हणू दे. तुझ्या मैत्रिणीचं काय झालं ते तू बघितलंस ना?"

"ती ढच होती, आई." अगदी सहज म्हणाली, पाऊस पडतोय म्हणावं तसं. "सगळ्यांना माहीत होतं. तिलापण."

ताईने हात उचलला आणि मध्येच थांबवला. ज्या पोरीबरोबर ही दहा वर्षं एका डब्यात जेवली, तिच्याबद्दल बोलत होती. आणि बोलताना पेन्सिल एवढी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. ताईला तेव्हा कळलं, ही घाबरलीय. पुढचा नंबर आपला आहे हे हिला कुणी सांगायची गरज नाही.

पुढल्या वर्षात जे व्हायचं ते झालं. शाळेचं काम स्टेशनकडच्या मोठ्या दुकानात जायला लागलं. कुणी तसं सांगितलं नाही, नुसतं येईनासं झालं. मोठ्या बाई रस्त्यात दिसल्या की आधी त्याच हसायच्या. मुलगी पहाटे उठून गणितं सोडवायची, रडायची, परत सोडवायची. नवरा डेपोतून आला की तिच्याशेजारी बसायचा. त्याला ती गणितं येत नव्हती, तरी बसायचा.

वार्षिक परीक्षेच्या गणिताच्या पेपरहून मुलगी आली ती चप्पलही न काढता कॉटवर पडली. "पाच गणितं सोडली," भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "बाकीची बरोबर आहेत की नाही माहीत नाही."

निकालाच्या दिवशी नवऱ्याने सुट्टी घेतली. तिघं मिळून गेली. गणितात पस्तीस. पासाला लागतात तेवढे, एक कमी नाही की एक जास्त नाही. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "दहावीत गेली हो. मोठ्या बाईंनी स्वतः लक्ष घातलं."

मुलगी हसली. वर्षभरात पहिल्यांदा. नवऱ्याने डोळे पुसले. ताईच्या हातात प्रगतिपुस्तक होतं, आणि तिला वाचायची खोड होती. पस्तीसमधला तीन वेगळ्या शाईचा होता.

उत्तरपत्रिका पुन्हा बघण्यासाठी अर्ज करता येतो, हे तिच्याएवढं कुणाला माहीत नव्हतं. तो फॉर्म तिने शेकड्याने काढून दिला होता. तिने पेन मागितलं आणि प्रगतिपुस्तकावर पालकांच्या सहीच्या चौकटीत सही केली. फॉर्म मागितला नाही.

दुकानाशी आल्यावर शिवणवालीने दारातून विचारलं, "झाली का गं पास?"

"झाली."

"गणितातपण?"

"हो. गणितातपण."

"बरं झालं बाई," शिवणवाली म्हणाली. मनापासून म्हणाली. तिची पोरगी रोज दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत जात होती, आणि तरी मनापासून म्हणाली. टोमणा मारला असता तर ताईने सोसला असता.

शाळा सुरू झाल्यावर एक माणूस दुकानात आला. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा, खांद्याला हत्यारांची पिशवी. म्हणाला, "ताई, माझ्या मुलाला दाखला काढा म्हणून मागे लागलेत. मी सही करत नाहीये. माझ्यासारखे सात-आठ जण आहेत. गेल्या वर्षी तुम्ही उभ्या राहिला होता म्हणे. यंदा आमची अजून मतं आहेत. पोरं अजून शाळेतच आहेत. तुम्ही उभ्या राहा, आम्ही घरोघरी फिरतो."

गेल्या वर्षी अशी सात-आठ माणसं मिळाली असती तर ताई रडलीच असती.

"माझ्याच्यानं नाही होणार," ती म्हणाली.

"का? घाबरलात?"

"तसंच समजा."

"तुम्ही आठ वर्षं गप्प बसल्याचं भर सभेत कबूल केलं होतं म्हणे. मला वाटलं, अशी बाई आता गप्प बसायची नाही."

त्याला काय सांगणार? मी माइकसमोर उभी राहिले की मोठ्या बाईंना फक्त एक उत्तरपत्रिका टेबलावर ठेवायचीय, हे सांगणार? आणि त्यांनी ठेवली नाही, नुसत्या माझ्याकडे बघून हसल्या, तरी माझी जीभ टाळ्याला चिकटेल, हे? ताईने गेल्या वर्षीचं पत्रक खालच्या खणातून काढलं, त्याच्या पुढे ठेवलं. "आकडे तुमच्या वर्षाचे घाला. छापून मी देते."

त्याने पत्रक वाचलं. घडी घालून परत काउंटरवर ठेवलं. "छापून कुणीही देईल हो," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरला.

तो स्वतःच उभा राहिला. मतदानाच्या रविवारी ताईच्या घरातून कुणीच गेलं नाही. मुलीचा दहावीचा जादा क्लास होता, नवऱ्याची ड्यूटी होती, आणि ताईने दुपारभर दुकान उघडं ठेवलं. गिऱ्हाईक एकही आलं नाही. समोरच्या सभागृहातून टाळ्यांचा आवाज आला तेव्हा त्या कुणासाठी वाजल्या हे बघायला ती उठली नाही.